कृती आराखड्यातली मिरची

प्रिय रोझीताईस,

धाकट्या कृपादानाचा प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस, की बाटली फळीवर ठेवून लांबूनच तिच्याकडे बघतेस? श्रीरामपुरात ऊन तापलं असेल. दुपारी चर्चच्या कामाला बाहेर पडू नकोस, हे मी सांगून तू ऐकणार नाहीस, तरी लिहायची रीत म्हणून लिहिलं. इकडे मी बरा आहे, म्हणजे चालतो, बोलतो आणि सही करतो. मुख्याध्यापकाला याहून जास्त बरं असण्याची सोय नाही. फोन न करता पत्र का लिहितो, म्हणून रागावू नकोस. फोनवर तू बोलतेस, मी हुंकार देतो आणि शेवटी 'चल, ठेवते' म्हणून तूच ठेवतेस. या खेपेला मला बरंच सांगायचं आहे आणि मधे कोणी बोललेलं मला चालणार नाही. दमलोय गं. बसून सावकाश सांगतो.

झालं असं, की जानेवारीत आम्हा मुख्याध्यापकांना शिर्डीला एका हॉटेलात प्रशिक्षणाला बोलावलं. (दर्शनाला आलेली माणसं आम्हाला लग्नाचं वऱ्हाड समजली. नवरदेव कोण, असं एका बाईंनी विचारलंसुद्धा.) हॉलमध्ये मोठा फलक होता : 'उद्यमशील शाळाप्रमुख : आत्मचिंतन व कृती आराखडा'. माझ्या शेजारी पाथर्डीकडचे अजिनाथ गुरुजी बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "उद्यमशील म्हंजे काय हो?" मी म्हणालो, आजपर्यंत जे शील आलं नाही ते उद्या येणार, असं असावं. ते बिचारे गंभीरपणे वहीत लिहून घ्यायला लागले, तेव्हा त्यांचा हात धरावा लागला. प्रशिक्षण देणारा मुलगा पार्थ नावाचा, पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचा. वयाने तुझ्या जोसेफपेक्षाही लहान. पण ताई, मुलगा गोड होता. आमच्यातल्या एकालाही 'अहो' सोडून बोलला नाही, आणि त्याला खरोखर वाटत होतं की संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे बदलू. असा विश्वास बघितला की मला आधी हेवा वाटतो आणि मग झोप येते.

तर आत्मचिंतन. प्रत्येकाच्या हातात एकेक छोटा आरसा दिला. पार्थ म्हणाला, दहा मिनिटं स्वतःकडे बघा आणि जे दिसेल ते लिहा. मी बघितलं आणि लिहिलं : 'चष्म्याची डावी काडी ढिली आहे.' पार्थ मागून फिरत आला, वाकून वाचलं आणि म्हणाला, "सर, अजून खोल जा." मी खोल गेलो. इतका खोल गेलो की हनुवटी छातीला टेकली. आदल्या दिवशी रात्रीपर्यंत ऑनलाइन माहिती भरत होतो आणि पहाटेच्या एसटीने पारनेर सोडलं होतं, खोल जायला मला फारसं काही करावंच लागलं नाही. जाग आली तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. पार्थ सर्वांना सांगत होता, की बघा, सर डोळे मिटून किती वेळ स्वतःशी राहिले, याला म्हणतात चिंतन. अजिनाथ गुरुजींना सगळं माहीत होतं. त्यांनी टाळ्याही वाजवल्या आणि टेबलाखालून मला लाथही मारली.

इथवर सगळं निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कृती आराखडा भरायचा होता. शाळेने स्वतःच्या पायावर काय उभं करावं, ते एका मोठ्या कागदावर मांडायचं. त्यात रकाने होते : काय करणार, जबाबदार व्यक्ती कोण, यश कशाने मोजणार. ताई, माझ्या शाळेत शिक्षक दोन. पहिली-दुसरीला राजनंदिनी मॅडम, आणि तिसरी-चौथीला मी. खिचडीचा तांदूळ, मतदारयाद्या, गळकं छप्पर आणि गावातली भांडणं हेसुद्धा माझ्याच वर्गात शिकतात. तेव्हा जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात मी वरपासून खालपर्यंत 'मु.अ., मु.अ., मु.अ.' असं लिहीत गेलो. आता 'काय करणार' तेवढं राहिलं. डोकं चालेना. जेवणाची वेळ झाली होती आणि हॉटेलच्या मुदपाकखान्यातून फोडणीचा वास येत होता. पुष्पावती गेल्यापासून माझ्याकडे घरचा काळा मसाला म्हणजे तू पाठवशील तो, आणि तो नाताळातच संपला होता. त्या वासाने माझ्या हाताने आपण होऊन लिहिलं : 'शाळेत मिरची-मसाला कांडप यंत्र.' यश कशाने मोजणार? मी लिहिलं, 'किलोने.' आणि जेवायला गेलो.

त्या 'किलोने'नेच घात केला. बाकीच्यांनी यश मोजायला आनंद, प्रेरणा, सकारात्मकता असलं काय काय लिहिलं होतं. पार्थ माझा कागद हातात घेऊन स्टेजवर चढला. त्याचे डोळे भरून आले होते. आजवरच्या प्रशिक्षणांत ज्याला तराजूत घालता येईल असं यश लिहिणारे आपण पहिलेच, असं त्याने जाहीर केलं. त्याच्या संस्थेने सर्वांत चांगल्या आराखड्याला जे लागेल ते यंत्र द्यायचं ठरवलेलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. अजिनाथ गुरुजी म्हणाले, "भोगा आता."

होळीच्या आधी टेम्पो आला. त्यात कांडप यंत्र, त्याला झेंडूचा हार, आणि हाराशेजारी उभे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष बन्सीभाऊ, जणू यंत्र त्यांनीच जन्माला घातलं होतं. गावातल्या बायकांना मिरची कांडायला पारनेरपर्यंत जावं लागतं, त्यामुळे गाव खूश. चालवणार कोण, तर आक्काबाईंचा बचत गट. आक्काबाई म्हणजे ठेंगणी, मोठ्या आवाजाची बाई. तिची नात संस्कृती माझ्याकडे चौथीत आहे. मुलांनी यंत्राच्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि आक्काबाईने ते दाराशी काठी घेऊन बसून पाळलं. इथवर मी सावध होतो. पण यंत्र ठेवलं शाळेच्या अडगळीच्या खोलीत, आणि त्या खोलीची माझ्या वर्गाशी असलेली भिंत पत्र्यापर्यंत पोचत नाही, वरून हातभर उघडी आहे. ही गोष्ट मला ठाऊक होती. चिमण्यांनाही ठाऊक होती. आराखड्यात तेवढी नव्हती.

होळी झाली, उन्हं कडक झाली आणि कांडप सुरू झालं. पहिल्या दिवशी लवंगी मिरची. ताई, काय सांगू! धाड-धाड-धाड असा आवाज, आणि वरच्या फटीतून लाल धुरळा ऐटीत आत येऊन फळ्यावर बसायचा. सगळा वर्ग शिंकायचा. मी शिंकायचो. पलीकडे पहिलीतली पोरंही शिंकायची. राजनंदिनी मॅडम हुशार, त्यांनी शिंकांवरच अंक शिकवून घेतले. 'आता किती झाल्या? आणखी दोन आल्या, आता किती?' पहिलीची पोरं बेरीज शिकली ती अशी. माझ्या वर्गात पाढे आपोआप मुसळाच्या ठेक्यात बसले. पण वीज गेली आणि यंत्र थांबलं की पोरंही 'सात चोक'वर थांबायची, आणि वीज येईपर्यंत अठ्ठावीस यायचे नाहीत. यंत्र चाललं की पंखे मंद व्हायचे. म्हणजे गरम होत असेल तेव्हा तिखट, आणि गार वाटायला लागलं की शांतता. मी दाराला ओलं पोतं लावलं, वरच्या फटीला ताडपत्री ठोकली. चिमण्यांनी ती एका दिवसात सोडवली.

बायका मिरच्या, धणे, खोबरं, दगडफूल अशी टोपली घेऊन आपला नंबर येईस्तोवर ओसरीवर बसायच्या. बसल्या जागी मिरचीची देठं खुडायच्या आणि माझं शिकवणं ऐकायच्या. हे माझ्या ध्यानात यायला फार दिवस लागले. मला वाटायचं, त्या आपापसात बोलतायत. त्या आपापसात माझ्याबद्दल बोलत होत्या.

मग गेल्या आठवड्यात पाहणी आली. मोठे साहेब, पार्थ आणि एक फोटो काढणारा. (साहेब कोण, कुठले, ते लिहीत नाही. माणूस भला आहे आणि माझी सही अजून त्यांच्याकडे जाते.) पार्थने नवं जाकीट घातलं होतं. त्याला एकाच फोटोत यंत्र, मुलं, मुख्याध्यापक आणि साहेब असं सगळं हवं होतं. आक्काबाई सांगत होती की आज बेडगीत लवंगी मिसळलेली हाय, दार लावू नका, वारं आत यिऊं द्या. पण उजेडामुळे फोटो बिघडत होता, म्हणून दार लावलं. मुलांना दाराबाहेर खिडकीशी उभं केलं, एवढं मी भांडून करून घेतलं. यंत्र सुरू झालं. साहेबांनी भाषण धरलं, "आजचा शाळाप्रमुख हा केवळ शिक्षक नसून तो एक..." आणि पुढे तो काय असतो ते आजवर कोणालाही कळलेलं नाही. साहेबांना शिंक आली. मग लागोपाठ येतच राहिल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि त्याच हाताने त्यांनी डोळे चोळले. पार्थ त्यांना सावरायला धावला, त्याने आपलेही चोळले. फोटोवाला बाहेर पळाला. जाताना दार उघडं राहिलं तेव्हा आम्ही वाचलो.

सगळी शाळा लिंबाखाली आली. साहेबांना बाकावर आडवं केलं. आक्काबाईने घरून ताक मागवलं, त्यात रुमाल भिजवून त्यांच्या डोळ्यांवर घातला. दुसऱ्या बाकावर पार्थ, त्याच्याही डोळ्यांवर तसाच रुमाल, आणि नव्या जाकिटावर ताकाचे ओघळ. मी मधे उभा. वाटलं, झालं, आता कारणे दाखवा नोटीस. निदान निलंबन तरी करतील आणि मला चार दिवस झोप मिळेल.

पण डोळे झाकले की माणसं निराळंच बोलतात. साहेब तशाच आडव्या अंगाने म्हणाले, "मीही शिक्षक होतो हो कृपादान सर. या खुर्चीवर आल्यापासून वर्गात बसून पाढे ऐकले नव्हते. आज आत आलो तेव्हा ऐकू आले. छान म्हणतात पोरं." पलीकडच्या रुमालाखालून पार्थ म्हणाला, "मी तर कधीच शिकवलेलं नाही. लोकांना नुसते आरसे वाटतो." त्याच्या आवाजात असं काही होतं की मला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. फिरवला नाही. हाताला मिरची होती.

तेवढ्यात पार्थला आपलं काम आठवलं. डोळे झाकलेलेच, तरी त्याने बायकांना विचारलं, की या उपक्रमातून शाळेबद्दल तुम्हाला काय कळलं? आक्काबाई माझ्याकडे वळली.

"सर, रागवू नगा," ती म्हणाली. "सकाळच्याला तुमी शिकिवता, तवा आमी हात थांबवून ऐकतो. लई ग्वाड शिकिवता. पर दुपारनंतर तुमचा आवाज असा बसतो, आमाला वाटतं सर आता पडत्यात का काय. तुमी दुपारी जेवता का न्हाई?"

साहेबांनी रुमालाचं एक टोक वर केलं.

ताई, खरं म्हणजे मी जेवत नाही. सकाळी चहा-बिस्कीट घेतो, दुपारी पोरांच्या खिचडीची चव बघतो चमचाभर, तीही रजिस्टरला चव बघितल्याची नोंद करायची असते म्हणून. संध्याकाळी घरी गेल्यावर काही करावंसं वाटत नाही. डबा करून देणारं माणूस गेलं, तेव्हापासून हे असं चाललंय, आणि एवढं मोठं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. सगळ्या गावासमोर, साहेबांसमोर, मिरच्यांच्या चाळीस टोपल्यांसमोर मला रडू आलं. लोकांना वाटलं मिरची. मीही मिरचीच म्हणालो. आक्काबाई म्हणाली, "व्हय, व्हय, मिरचीच हाय ती," आणि ताकाचा तांब्या माझ्या हातात दिला. "डोळ्याला न्हाई. प्या."

जाताना साहेबांनी यंत्र शाळेतून आजच्या आज हलवायचा हुकूम दिला. बरोबरच होतं, मी त्याच वेळी हुश्श केलं. आता ते रस्त्यापलीकडे बचत गटाच्या शेडमध्ये आहे आणि धाड-धाड तिकडून येतं, धुरळ्याशिवाय. म्हणजे शाळेचा उद्योग बुडाला. पार्थ फार खट्टू झाला. मी त्याला म्हणालो, अरे बाबा, काळजी करू नकोस, अहवालात लिही की यंत्राने भरारी घेतली. तो हसला. मग म्हणाला, एक दिवस मी इथे येऊन वर्गात बसू का, काही न शिकवता? मी म्हणालो, ये. (परवा आला होता. दिवसभर चौथीच्या शेवटच्या बाकावर बसला. भागाकार त्याला संस्कृतीने समजावून सांगितला, आणि त्याने तो समजल्याचं सोंग चांगलं वठवलं.)

आणि बायकांचं काय झालं म्हणशील, तर यंत्र गेलं तरी त्या ओसरीवरून हलल्या नाहीत. म्हणतात, इथं सावली बरी हाय. दुपारची सुट्टी झाली की कोणी ना कोणी भाकरी-कालवण घेऊन उभी. मी पहिल्या दिवशी 'नको' म्हणालो, तर आक्काबाईने दाराशी बसायची ती काठी दाखवली. जेवल्यावर मला अर्धा तास ऑफिसात खुर्चीवर बसवतात आणि तेवढ्यात एकजण लिंबाखाली पोरांना गोष्ट सांगते. राजनंदिनी मॅडम तिकडे लक्ष ठेवतात. गोष्टींत भुतं फार असतात, हे मात्र मला अजून आवरता आलेलं नाही. चौथीतली पोरं मुतारीपर्यंत आता जोडीजोडीने जातात.

नाताळात मी तुला म्हणालो होतो ते तुझ्या लक्षात असेल. जूनमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतो, तुझ्याकडे येतो, पुढच्या खोलीत राहतो. अर्ज लिहून तयार होता. तो मी अजून दिलेला नाही. खोटं कशाला बोलू, थकवा गेलेला नाही. सकाळी उठताना अजून वाटतं की आज शाळेलाच कोणीतरी सुट्टी द्यावी. पण दुपारनंतर सातचा पाढा सलग म्हणून होतो, आणि माझा आवाज माझा मलाच ऐकू येतो. हे सोडून आत्ताच निघावं असं वाटत नाही. दोन वर्षं अजून काढीन म्हणतो. तेव्हा पुढची खोली रिकामी ठेवू नकोस, कोणी चांगलं भाडेकरू कुटुंब आलं तर दे.

आराखडा पुन्हा भरायचा होता, तोही पाठवला. 'यश कशाने मोजणार' हा रकाना या खेपेला कोरा ठेवला आहे. काही सुचलं तर कळव.

जोसेफ चाकणहून आला की त्याला माझा आशीर्वाद सांग. प्रभू तुला सांभाळो. तेल लाव.

तुझा धाकटा भाऊ,
कृपादान

ता.क. : पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. जोसेफची एंजल जूनमध्ये पहिलीला बसेल ना? तिचे आईबाप दोघंही कंपनीत, पोर तुझ्याजवळच वाढतेय. माझ्या शाळेचा पट अगदी काठावर आला आहे. एक मूल कमी पडलं तर शाळा पलीकडच्या गावात मिसळतील असं वरून बोलणं चालू आहे. तेव्हा एंजलचं नाव माझ्याकडे घालशील का? ती येणार म्हणजे तुलाही यावं लागेल. माझं घर मोठं आहे, वापरात एकच खोली आहे. जोसेफला चाकणहून श्रीरामपूरपेक्षा पारनेर कितीतरी जवळ. राजनंदिनी मॅडम पहिलीला फार चांगल्या आहेत. आता शिंका नाहीत. नीट विचार कर, लगेच 'वेडा आहेस' म्हणू नकोस.

ता.क. दुसरी : पाकीट बंद करणार तेवढ्यात बन्सीभाऊंची सून येऊन गेली. तिचा मुलगा आजवर पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जात होता. ती मिरची निवडत ओसरीवर आठ दिवस ऐकत बसली होती, तिने त्याचं नाव इकडे घातलं. तिच्यामागून आणखी दोघी आल्या. (बन्सीभाऊंना हे अजून माहीत नाही. सून म्हणाली, जेवण झाल्यावर सांगते.) म्हणजे पट पुरतोय, शाळा टिकते. एंजलच्या नावाची तशी आता काही गरज राहिली नाही. वरची ता.क. खोडणार होतो, पण पेन हातात धरून बसलो आणि खोडवेना. तेव्हा त्यातलं कारण तेवढं खोडलं असं समज. तुम्ही दोघी या.